हरवलेलें दप्तर : संगणकांतील नाहींशा झालेल्या फोल्डरांचा शोध

वस्तु हरवणें आणि वस्तु नष्ट होणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. परंतु संकटाच्या वेळीं मनुष्यास हा भेद सुचत नाहीं. संगणकाच्या बाबतींत तर हा भेद न ओळखल्यामुळें होणारी हानि फार मोठी असते. नांदेड किंवा लातूर येथील एखादा विद्यार्थी रात्रीं आपल्या प्रकल्पाचा वृत्तांत लिहून निजतो, आणि सकाळीं पाहतो तों 'डॉक्युमेंट्स' नांवाचें फोल्डर रिकामें! दुसऱ्या एखाद्याच्या पेन ड्राइव्हमध्यें उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व गुणपत्रक यांच्या प्रती सांठविलेल्या असतात. प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तो पेन ड्राइव्ह सेवा केंद्रांतील संगणकास लावावा, तों आंत एकहि कागद नाहीं. अशा वेळीं मनांत पहिला विचार येतो तो हाच कीं, सर्व गेलें. दुसरा विचार, आणि तो पहिल्याहून अधिक घातक, असा येतो कीं, आतां सर्व पुसून, म्हणजे 'फॉर्मॅट' करून, नव्यानें आरंभ करावा. बहुतेक प्रसंगीं पहिला विचार खोटा असतो. परंतु दुसरा अमलांत आणला म्हणजे पहिलाहि खरा ठरतो.

यास्तव फोल्डर म्हणजे काय, तें दिसेनासें कां होतें, व कोणत्या क्रमानें त्याचा शोध करावा, याचें विवेचन या लेखांत करण्याचें योजिलें आहे. आपल्याकडील शाळा, कचेऱ्या व दुकानें यांत बहुधा विंडोज १० किंवा विंडोज ११ ही प्रणाली आढळते. म्हणून पुढील सर्व विवेचन त्यांना धरून केलें आहे.

प्रथम फोल्डर म्हणजे काय तें पाहूं. जुन्या मराठी दप्तरखान्यांत कागदपत्रें कापडांत बांधून ठेवीत व त्या गांठोड्यास 'रुमाल' म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले होते. असा रुमाल हवा असल्यास सर्व फळ्या धुंडाळीत बसण्याचें कारण नसतें. याद्या पाहिल्या म्हणजे काम होतें. संगणकाची रचनाहि अशाच प्रकारची आहे. हार्ड डिस्कवर मूळ मजकूर एके जागीं असतो, आणि त्याची नोंद दुसऱ्या जागीं असते. पडद्यावर जें पिवळें चित्र आपणांस दिसतें, तें रुमाल नव्हे, तर यादींतील एक ओळ आहे. त्या ओळीवरून मजकुरापर्यंत जाण्याची जी वाट, तिला 'पाथ' असें म्हणतात. जिल्हा, तालुका, गांव व घर अशा क्रमानें पत्ता लिहावा, त्याचप्रमाणें सी ड्राइव्ह, त्यांत 'यूजर्स', त्यांत आपलें नांव आणि त्यांत 'डॉक्युमेंट्स' असा हा पत्ता असतो.

या फोल्डरांचे दोन वर्ग करितां येतील. 'विंडोज', 'प्रोग्रॅम फाइल्स', 'प्रोग्रॅम डेटा' इत्यादि फोल्डरें यंत्राच्या स्वतःच्या कामाचीं आहेत. तीं बिघडलीं तर संगणक अडखळतो. 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' हीं प्रणालीनेंच निर्माण केलेलीं, पण आपल्या कागदांसाठीं राखलेलीं फोल्डरें होत. पहिल्या वर्गांतील वस्तु पुन्हां मिळविणें अवघड नाहीं, कारण ती जगांतील असंख्य संगणकांवर जशीच्या तशी असते. दुसऱ्या वर्गांतील वस्तु मात्र आपल्यापाशींच असते. म्हणून शोध घेतांना दुसऱ्या वर्गाची काळजी आधीं करावी.

फोल्डर नाहींसें होण्याचीं कारणें अनेक असलीं तरी तीं चार प्रकारांत मावतात. फोल्डर झांकलेलें असतें, हललेलें असतें, खोडलेलें असतें, किंवा मोडलेलें असतें. शोधहि याच क्रमानें करावा. कारण पहिल्या दोन प्रकारांत उपाय सोपा असून त्यांत कांहीं बिघडण्याचें भय फार थोडें आहे, आणि पुढील दोहोंत तें अधिक आहे. शुभवर्तमानांतील त्या स्त्रीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेच. दहा नाण्यांपैकीं एक हरवलें असतां तिनें आधीं दिवा लावला, मग घर झाडलें, आणि नाणें हातीं येईपर्यंत काळजीनें शोध केला. नाणें घराबाहेर गेलेंच नव्हतें. घर पाडून नवें बांधण्याचा विचार तिच्या मनास शिवला नाहीं, हें विशेष लक्ष्यांत घेण्यासारखें आहे.

आतां पहिला प्रकार, झांकलेलें फोल्डर. प्रत्येक फोल्डराच्या नोंदींत त्याचे कांहीं गुणधर्म लिहिलेले असतात. त्यांपैकीं 'हिडन' म्हणजे गुप्त हा गुणधर्म असला तर नोंद शाबूत राहूनहि फोल्डर पडद्यावर दिसत नाहीं. 'प्रोग्रॅम डेटा' व 'ॲपडेटा' हीं फोल्डरें प्रणाली मुद्दामच अशीं झांकून ठेवते, कीं नवशिक्याच्या हातून त्यांस धक्का लागूं नये. तेव्हां तीं न दिसल्यास घाबरण्याचें कारण नाहीं. विंडोज ११ मध्यें फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', नंतर 'शो', व त्यांतील 'हिडन आयटम्स' ही ओळ निवडावी. विंडोज १० मध्यें 'व्ह्यू' या पट्टीवरच 'हिडन आयटम्स' पुढील चौकोनांत खूण करावी. झांकलेलीं फोल्डरें तत्काळ फिकट रंगांत दिसूं लागतात.

पेन ड्राइव्हवरील कागद एकाएकीं नाहींसे होतात, त्याचें एक फार प्रचलित कारण याच प्रकारांत येतें. एकच पेन ड्राइव्ह झेरॉक्सचें दुकान, सेवा केंद्र, शाळेचा संगणक व घरचा संगणक असा फिरत असतो. आणि त्यांपैकीं एका ठिकाणचा संसर्ग त्याबरोबर सर्वत्र जातो. या संसर्गास लोक 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो कागद पुसत नाहीं; तो खऱ्या फोल्डरांस 'हिडन' व 'सिस्टिम' असे दोन्ही गुणधर्म लावून तीं झांकतो, आणि त्यांच्या जागीं त्याच नांवाचीं, डाव्या कोपऱ्यांत लहानसा बाण असलेलीं, खोटीं चित्रें ठेवतो. विद्यार्थी त्या चित्रावर टिचकी मारतो व संसर्ग नव्या संगणकांत शिरतो. 'सिस्टिम' हा दुसरा गुणधर्म लागलेला असल्यामुळें वर सांगितलेली खूण करूनहि तीं फोल्डरें दिसत नाहींत. आणि येथेंच पुष्कळजण निराश होऊन फॉर्मॅटचा मार्ग धरितात.

वास्तविक उपाय साधा आहे. बाणाच्या चित्रावर मुळींच टिचकी मारूं नये. प्रथम विंडोजबरोबर येणाऱ्या 'डिफेंडर' या रक्षकाकडून पेन ड्राइव्हची तपासणी करवावी. नंतर 'कमांड प्रॉम्प्ट' ही काळी खिडकी उघडून 'ॲट्रिब' ही आज्ञा द्यावी. तिच्या पुढें वजाचें चिन्ह लावून अनुक्रमें एच, आर व एस हीं तीन अक्षरें लिहावीं. एच म्हणजे गुप्त, आर म्हणजे केवळ वाचनीय आणि एस म्हणजे प्रणालीचें. तिन्ही गुणधर्म काढून टाक, असा वजा चिन्हाचा अर्थ. त्यापुढें तिरक्या रेघेसह एस व डी हीं अक्षरें लिहिलीं म्हणजे आंतल्या सर्व फाइलींना व फोल्डरांना ही आज्ञा लागू होते. शेवटीं पेन ड्राइव्हचें अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, आणि मग तारा, टिंब व तारा हीं चिन्हें लिहून एंटर दाबावें. क्षणभरांत मूळ फोल्डरें प्रकट होतात. ही आज्ञा फक्त पेन ड्राइव्हसाठीं आहे. सी ड्राइव्हवर ती कधींहि देऊं नये, कारण तेथील झांकलेल्या वस्तु विचारपूर्वक झांकलेल्या आहेत.

दुसरा प्रकार, हललेलें फोल्डर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत झालेल्या भूकंपानंतर किल्लारीसह अनेक गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. गांवाचें नांव तेंच राहिलें; परंतु जुन्या वाटेनें जाणाऱ्यास तेथें पूर्वीचीं घरें दिसलीं नसतीं. गांव हललें, हें ज्यास ठाऊक नाहीं, तो गांव उरलेंच नाहीं असें म्हणेल. फोल्डराचेंहि असेंच होतें. पत्ता बदलतो, आणि आपण जुन्या पत्त्यावर उभे राहून शोक करितों.

पत्ता बदलण्याचीं कारणें पाहूं. 'वनड्राइव्ह' ही मायक्रोसॉफ्टची सेवा चालू होऊन तिचा 'बॅकअप' सुरू झाला म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हीं तीन फोल्डरें 'वनड्राइव्ह' नांवाच्या फोल्डरांत नेलीं जातात. जुन्या पत्त्यावर रिकामें डॉक्युमेंट्स दिसलें तर आधीं यूजर्स, आपलें नांव व वनड्राइव्ह या वाटेनें जाऊन पाहावें. फोल्डराचा पत्ता कोणी हातानें बदलला असल्यास त्यावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडावें. त्यांतील 'लोकेशन' या पानावर सध्यांचा पत्ता लिहिलेला असतो, व 'रिस्टोअर डिफॉल्ट' हें बटण दाबलें असतां मूळचा पत्ता परत येतो. कधीं माउस घसरून एक फोल्डर शेजारच्या फोल्डरांत जाऊन पडतें. तसें नुकतेंच झालें असेल तर कंट्रोल व झेड या कळा एकदम दाबाव्या. नाहीं तर आंतील एखाद्या फाइलीचें नांव आठवून शोधपेटींत लिहावें. फोल्डराचें नांव विसरलें तरी आंतील कागदाचें नांव बहुधा स्मरतें.

कांहीं वेळां संगणक सुरू करितांच डेस्कटॉप अगदीं कोरा दिसतो व 'टेम्पररी प्रोफाइल' अशी सूचना येते. याचा अर्थ असा कीं, प्रणालीस आपलें घर उघडतां आलें नाहीं, म्हणून तिनें आपणांस तात्पुरत्या खोलींत बसविलें आहे. घर जागच्या जागीं असतें. यूजर्समध्यें आपल्या नांवाचें जुनें फोल्डर पाहिलें म्हणजे खात्री पटते. अशा वेळीं एक-दोनदां संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा. त्या तात्पुरत्या खोलींत नवीन कांहीं लिहून ठेवूं नये, कारण बाहेर पडतांच तेथील सर्व पुसलें जातें. तसेंच विंडोजची नवी आवृत्ति बसविल्यावर जुनें सामान 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरांत कांहीं दिवस राहतें. आवृत्ति-बदलानंतर सुमारें दहा दिवसांनीं प्रणाली तें आपोआप काढून टाकते. म्हणून येथें आळस कामाचा नाहीं.

तिसरा प्रकार, खोडलेलें फोल्डर. संगणकाच्या आंतील डिस्कवरून पुसलेली वस्तु बहुधा 'रीसायकल बिन'मध्यें जाते. तेथें तीवर उजवी टिचकी मारून 'रिस्टोअर' म्हटलें कीं ती पूर्वीच्या जागीं परत येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या वस्तूस मात्र बहुधा हा आश्रय मिळत नाहीं; आणि शिफ्ट दाबून पुसलेली वस्तूहि बिनमध्यें न जातां थेट जाते. परंतु 'जाते' म्हणजे काय होतें? येथें रुमालाची उपमा पुन्हां उपयोगी पडते. यादींतील ओळ खोडली जाते व फळीवरील ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. रुमाल स्वतः तेथेंच पडून असतो. नवा रुमाल ठेवण्यासाठीं जागा लागेपर्यंत तो तेथेंच राहतो. म्हणून कागद पुसला गेल्याचें ध्यानांत येतांच त्या डिस्कवर नवें कांहींच लिहूं नये. गाणें उतरवूं नये, चित्रपट भरूं नये, इतकेंच काय, कागद परत मिळवून देणारा कार्यक्रमहि त्याच डिस्कवर बसवूं नये. मायक्रोसॉफ्टनें २०२० मध्यें 'विंडोज फाइल रिकव्हरी' नांवाचा एक मोफत कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो खोडलेल्या नोंदींचा मागोवा घेतो, व सांपडलेला मजकूर दुसऱ्याच डिस्कवर ठेवण्यास सांगतो. त्याचें कारण आतां वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कमध्यें मात्र मोकळी झालेली जागा यंत्र लौकरच स्वच्छ करून टाकतें. तेथें ही आशा फार थोडी.

चवथा प्रकार, मोडलेलें फोल्डर. आपल्या मराठवाड्यांत वीज जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. संगणक यादींत एक ओळ लिहीत असतांनाच वीज गेली तर ओळ अर्धवट राहते, आणि पुढें यादी व फळी यांचा मेळ बसत नाहीं. पेन ड्राइव्ह काम चालू असतां ओढून काढल्यानेंहि हेंच घडतें. हा मेळ पुन्हां बसविण्यासाठीं 'चेकडिस्क' नांवाची आज्ञा आहे. ती सर्व डिस्क तपासते व ज्या मजकुरास धनी उरलेला नाहीं, असे तुकडे 'फाउंड' या नांवाच्या व पुढें तीन शून्यें असलेल्या फोल्डरांत गोळा करून ठेवते. हें फोल्डरहि झांकलेलें असतें, म्हणून वरील पहिला उपाय येथें पुन्हां लागतो. तथापि डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल, किंवा ती अत्यंत मंद झाली असेल, तर ही आज्ञा देऊं नये. अशा आजारी डिस्कवरून आधीं जेवढे कागद निघतील तेवढे दुसरीकडे काढून घ्यावे, आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा.

विंडोजचीं स्वतःचीं फोल्डरें बिघडलीं असतील तर दोन आज्ञा क्रमानें द्याव्या लागतात, व त्या देण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. प्रणाली आपल्या सर्व महत्त्वाच्या फाइलींचा एक कोठार जवळ बाळगते. 'डिझम' ही आज्ञा इंटरनेटवरून शुद्ध प्रती आणून तें कोठार नीट करते. आणि 'एसएफसी' ही आज्ञा त्या कोठारांतील प्रतीशीं ताडून बिघडलेल्या फाइली बदलते. कोठारच नासलें असेल तर त्यांतील धान्य वाढून उपयोग काय? म्हणून डिझम आधीं व एसएफसी नंतर. शेजाऱ्याच्या संगणकावरून अथवा कोठल्याहि अनोळखी ठिकाणाहून एखादी प्रणाली-फाइल आणून चिकटविण्याचा मोह टाळावा. तीबरोबर काय येईल याचा नेम नसतो. 'सिस्टिम रिस्टोअर'नें प्रणाली पूर्वस्थितीवर आणतां येते; परंतु त्यानें आपले हरवलेले निबंध किंवा चित्रें परत येत नाहींत, हेंहि ध्यानांत असावें.

मराठी लिहिणाऱ्यांवर एक निराळाच प्रसंग येतो. संगणकावर विंडोज नव्यानें बसविल्यावर जुनी मराठी फाइल उघडावी, तों आंत देवनागरी अक्षराऐवजीं रोमन अक्षरें व चमत्कारिक चिन्हें यांची गर्दी! फाइल बिघडली असें समजून पुष्कळांनीं वर्षावर्षांचें लेखन टाकून दिलें असेल. वास्तविक फाइल शाबूत असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक संस्थेची 'श्री-लिपी' आणि तिच्यासारख्या जुन्या लिपिसंचांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. हे लिपिसंच विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरांत राहतात. प्रणाली नव्यानें बसवितांना तें फोल्डर पुन्हां तयार होतें, परंतु त्यांत प्रणालीचे स्वतःचेच लिपिसंच असतात. आपण बाहेरून आणलेले गेलेले असतात. तेव्हां तोच लिपिसंच पुन्हां बसविला कीं मराठी मजकूर जसाच्या तसा दिसतो. तोंपर्यंत त्या फाइलींत कांहींहि दुरुस्ती करूं नये. युनिकोड या जागतिक पद्धतींत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी वर्णांस स्वतःचे क्रमांक आहेत. त्या पद्धतीनें लिहिलेला मजकूर एक लिपिसंच नसला तर दुसऱ्यांत दिसतो. यास्तव नवें लेखन युनिकोडमध्येंच करावें.

येथवर शोधाचा विचार झाला. परंतु शोधापेक्षां सांठवण श्रेष्ठ होय. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें, आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट आपल्या भागांत कोण विसरेल? एकाच झऱ्यावर सर्व भरंवसा न ठेवण्याचा धडा त्या वर्षानें शिकविला. कागदांचेंहि तसेंच आहे. महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांपैकीं एक निराळ्या गांवीं असावी. लातूरच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रमाणपत्रांची एक प्रत नांदेडच्या मामाकडे ठेवली तरी हा नियम पाळला जातो. वनड्राइव्ह किंवा तत्सम सेवा उपयोगी खरी. परंतु येथें पुसलेली फाइल तेथेंहि पुसली जाते, व वनड्राइव्हच्या व्यक्तिगत खात्यांत ती तेथील बिनमध्यें ३० दिवसच राहते. म्हणून तीवरच विसंबूं नये.

विद्यार्थी मित्रहो, वर्षाचे श्रम, गरिबाच्या घरांतील शिष्यवृत्तीची आशा व प्रवेशाची संधि हीं आज पुष्कळदां बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें सांठविलेलीं असतात. तीं दिसेनाशीं झालीं तर हात आवरून मन स्थिर करावें. झांकलें आहे काय, हललें आहे काय, खोडलें आहे काय, मोडलें आहे काय, असे चार प्रश्न क्रमानें विचारावे, आणि चारी प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत फॉर्मॅटच्या बटणास हात लावूं नये. शेजारचा मुलगा रडकुंडीस येऊन आपला पेन ड्राइव्ह पुढें करील, तेव्हां त्याच्याहि बाबतींत हीच शांति ठेवावी. कारण अशा वेळीं ज्ञानाइतकाच धीर उपयोगी पडतो.